पोटातला मुद्देमाल

विमानात जेवणाचा ट्रे दोनदा येतो आणि हात न लागता दोनदा परत जातो. मुंबईच्या सहार विमानतळावर उतरल्यावर कस्टमवाल्यांची नजर अशा प्रवाशावर रेंगाळते. सामानात काही नसतं, खिशातही नाही. माल असतो आतड्यात. लेटेक्सच्या तीनचार पदरांत घट्ट बांधलेल्या, अंगठ्याएवढ्या कॅप्सूल. एकेकीत साधारण आठ-दहा ग्रॅम कोकेन किंवा हेरॉइन, आणि अशा साठ-सत्तर. वाटेत 'घोटाळा' होऊ नये म्हणून वर जुलाब थांबवणारी गोळी. युक्ती जुनीच: टोरांटोच्या डॉक्टरांनी 1973 साली असा रुग्ण वैद्यकीय नियतकालिकात नोंदवला, तेव्हा त्याच्या आतड्यात चरस भरलेला निरोध अडकला होता.

लघवी तपासली की कळेल, असं आपल्याला वाटतं. पण वेष्टन शाबूत असेल तर लघवीत काही उतरेलच असं नाही. एक्स-रे जास्त बोलका. विष्ठेची सावली वेडीवाकडी असते. एकाच मापाच्या, गुळगुळीत, लांबट सावल्यांची रांग निसर्ग काढत नाही. दोन पदरांत अडकलेल्या हवेची बारीक काळी कड दिसते, टोकाच्या गाठीचं फूल दिसतं. पातळ द्रवात विरघळवलेलं कोकेन मात्र एक्स-रेला चकवतं. सीटी स्कॅनची नजर त्याहून तीक्ष्ण.

पण संशय आला म्हणून लगेच एक्स-रे काढता येत नाही. 1962च्या कस्टम कायद्याचं कलम 103 सांगतं, एक्स-रेसाठी आधी मॅजिस्ट्रेटचा आदेश घ्या. गिळल्याचं स्वतःहून कबूल करून माल काढू द्यायला जो तयार होतो, त्याला एक्स-रेची सक्ती नाही. बाई असेल तर माल काढण्याचं काम स्त्री डॉक्टरच्याच सल्ल्यानं आणि देखरेखीखाली.

मग सुरू होतं खरं काम, म्हणजे वाट पाहणं. रुग्णालयात खाटेशेजारी शिपाई, आणि कोपऱ्यात शौचाचं भांडं. एरंडेलासारखं तेल देत नाहीत, तेलानं रबर कुजतं. पोट धुणारं पावडरीचं पाणी लिटर-लिटर पाजतात. (सोनसाखळी गिळलेल्या चोरांना मुंबई पोलिसांनी डझनावारी केळी चारल्याच्या बातम्या आठवत असतील, तत्त्व तेच.) दुर्बीण घालून ओढायचं डॉक्टर टाळतात. पिशवी फाटली आणि आत हेरॉइन असलं तर नॅलोक्सोनचा उतारा आहे. कोकेनला उतारा नाही, थेट ऑपरेशन टेबल.

जर्मनीला हे थांबणं जमलं नाही. तिथे नाकातून नळी घालून ओकारीचं औषध बळजबरीनं देत; हॅम्बुर्ग आणि ब्रेमेनमध्ये दोन माणसं त्यात गेली. वाचलेल्या आणखी एकाला तर चार पोलिसांनी दाबून धरलं होतं, आणि निघालं किती? पाव ग्रॅमही नाही. 2006 मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयानं ही वागणूक अमानुष ठरवली. उलट बोगोटाहून लॉस एंजेलिसला उतरलेल्या एका बाईला कस्टमनं सोळा तास नुसतं बसवून ठेवलं. पुढच्या चार दिवसांत तिच्या पोटातून 88 फुगे, 528 ग्रॅम कोकेन निघालं. ते थांबवून ठेवणं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 1985 मध्ये वैध मानलं.

आपल्याकडे प्रत्येक कॅप्सूल धुऊन पंचांसमोर मोजतात. एक कापतात, चिमूटभर भुकटीवर गुलाबी रसायनाचे थेंब टाकतात. निळं झालं की कोकेनचा संशय पक्का, पण शेवटचा शब्द प्रयोगशाळेचा. कोकेन शंभर ग्रॅमच्या वर गेलं की कायद्याच्या भाषेत 'व्यापारी प्रमाण' आणि किमान दहा वर्षं. म्हणजे डझनभर कॅप्सूलनाच हिशेब मिटला. तरी मोजणी चालूच राहते. प्रवासी सत्तर गिळल्या म्हणतो, भांड्यातून एकोणसत्तर निघालेल्या असतात. मग पुन्हा स्कॅन, पुन्हा ते पाणी, आणि शिपायाची आणखी एक रात्रपाळी.