नवे घर आणि विजेची जुनी थकबाकी

डिचोली तालुक्यातील सुर्ला गावात एखादे कुटुंब जुने घर विकत घेते, तेव्हा भिंती, छप्पर, विहीर आणि परसातील माड यांची पाहणी ते बारकाईने करते. विजेच्या मीटरकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. खरेदीखत नव्या मालकाच्या नावे झाले, तरी वीजजोडणी आपोआप त्याच्या नावावर होत नाही. देयके जुन्याच नावाने येत राहतात आणि पुढे थकबाकी निघाली की ती कोणी भरावयाची, असा वाद उभा राहतो.

गोव्यात विजेचे वितरण १९६३ साली स्थापन झालेल्या शासकीय वीज खात्याकडे आहे. ब्रिटनमधील रहिवाशास घर बदलल्यावर अनेक कंपन्यांतून पुरवठादार निवडता येतो. गोव्यातील घरगुती ग्राहकास तशी निवड नसते. त्यामुळे या एकाच खात्याशी करावयाच्या व्यवहाराचे नियम प्रत्येक कुटुंबास ठाऊक असणे हिताचे आहे.

जुनी थकबाकी

पूर्वीच्या मालकाची थकबाकी नव्या मालकास भरावी लागते काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. के. सी. निनान विरुद्ध केरळ राज्य वीज मंडळ या प्रकरणी १९ मे २०२३ रोजी निर्णय झाला. वितरकास लागू असलेल्या नियमांत तशी तरतूद असेल, तर जागेवरील जुनी थकबाकी भरल्याशिवाय नवी जोडणी नाकारता येते, असे न्यायालयाने म्हटले. म्हणून खरेदीखत होण्यापूर्वीच देयकावरील ग्राहक क्रमांक घेऊन वीज कार्यालयात चौकशी करावी व बाकी विक्रेत्याकडून भरून घ्यावी.

मीटरची नोंद

घराचा ताबा घेण्याच्या दिवशी मीटरवरील आकडा दोन्ही पक्षांनी मिळून पाहावा, कागदावर लिहून सह्या कराव्यात आणि शक्य असल्यास छायाचित्र काढून ठेवावे. त्या आकड्यापर्यंतची वीज आधीच्या मालकाची आणि पुढची नव्या मालकाची, हे त्यामुळे निर्विवाद ठरते. त्यानंतर खरेदीखत, घरपट्टीची पावती, ओळखपत्र व शेवटच्या देयकाची पावती घेऊन नावबदलासाठी अर्ज करावा.

बंद राहिलेल्या घरास पुष्कळदा अंदाजे देयक येते. २०२० च्या वीज (ग्राहक हक्क) नियमांनुसार एका आर्थिक वर्षात अशी दोनांपेक्षा अधिक देयके देता येत नाहीत. तेव्हा घर उघडताच प्रत्यक्ष वाचनाची मागणी करावी.

नवी जोडणी

नवे घर बांधणाऱ्यास मात्र नव्या जोडणीसाठी अर्ज करावा लागतो. वीज अधिनियम, २००३ च्या कलम ४३ अन्वये जागेचा मालक किंवा तेथील रहिवासी असा अर्ज करू शकतो. अर्थात भाडेकरूसही हा मार्ग खुला आहे. उपरोक्त नियमांत २०२४ साली सुधारणा झाली. तीनुसार सर्व बाबतींत पूर्ण असा अर्ज आल्यापासून ग्रामीण भागात १५ दिवसांत आणि डोंगराळ ग्रामीण भागात ३० दिवसांत जोडणी मिळावयास हवी. नवी वाहिनी टाकावी लागल्यास अधिक अवधी लागू शकतो. अर्जाची पोच व तिच्यावरील तारीख जपून ठेवावी, कारण मुदत मोजण्याचा तोच आधार होय.

देयकाविषयी वाद

देयक चुकीचे वाटले तरी ते तसेच पडू देणे हा उपाय नव्हे. थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पूर्ण १५ दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. वाद असल्यास मागणीची संपूर्ण रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरावी. मग वादाचा निर्णय होईपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. ही दोन्ही संरक्षणे कलम ५६ मध्ये आहेत. तक्रार प्रथम स्थानिक वीज कार्यालयात लेखी द्यावी. तेथे दाद न मिळाल्यास ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे व त्यानंतर विद्युत लोकपालाकडे जाता येते.

गावातील शिक्षक आणि पंचायतीचे कर्मचारी यांनी घर घेणाऱ्या कुटुंबांना एवढे अवश्य सांगावे, की घराच्या कागदपत्रांत खरेदीखताबरोबर शेवटच्या वीजदेयकाची पावती व मीटरच्या नोंदीचा सही केलेला कागदही असावा. वाद उद्भवल्यास तेच पुरावे नव्या मालकाच्या उपयोगी पडतात.