कांद्यावरचं निर्यात शुल्क बांगलादेशला का झोंबतं?

आयात शुल्क आपल्या परिचयाचं असतं. पण देशाबाहेर जाणाऱ्या मालावरही कर लागू शकतो. भारताने ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावलं, डिसेंबरमध्ये थेट निर्यातबंदी केली. मे 2024 मध्ये बंदी उठली, शुल्क राहिलं. सप्टेंबरमध्ये ते 20 टक्क्यांवर आलं आणि 1 एप्रिल 2025 पासून रद्द झालं.

हेतू एकच, देशातले भाव आटोक्यात ठेवणं. पण शुल्क भरावं लागलं की निर्यातदार लासलगावच्या लिलावात बोली कमी लावतो. म्हणजे झळ शेतकऱ्यालाच.

आणि शेजाऱ्यालाही. बांगलादेश हा भारतीय कांद्याचा मोठा ग्राहक. त्याला चढ्या भावाइतकंच खुपतं ते निर्णयाचं अचानक येणं. सप्टेंबर 2019 च्या बंदीनंतर तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांनी हसत हसत सुनावलं. स्वयंपाक्याला कांदा बंद करायला सांगितलंय, हेही जोडलं. पुढच्याच सप्टेंबरमध्ये पुन्हा बंदी आली!

तेव्हा ढाक्याने म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तानातून कांदा मागवला. आता तिथलं सरकारही आपल्या शेतकऱ्यांसाठी अधूनमधून आयात परवाने रोखून धरतं, आणि तेव्हा अडकतो तो नाशिकचा माल.