चाकांचा नाप आणि मिस्त्रीचे इमान

मोटारीची शर्यत म्हटली की महागडे इंजिन, मोठा आवाज आणि श्रीमंतांचा शौक एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. धंद्याच्या पानावर तिचे काय काम, असे वाचक विचारतील. पण अमेरिकेत हौशी लोकांची ऑटोक्रॉस नावाची शर्यत चालते. तिच्यात पैशापेक्षा मिस्त्रीच्या नापाला मोल आहे, म्हणून हा विषय आम्ही घेतला.

तेथे मोकळ्या पार्किंगच्या मैदानात शंकू मांडून नागमोडी रस्ता आखतात. मुकाबला घड्याळाशी असतो. १९४४ साली स्थापन झालेल्या स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका या संस्थेच्या नियमाप्रमाणे एक शंकू पाडला की २ सेकंदांचा दंड होतो.

न्यू जर्सीत राहणाऱ्या आमच्या भाच्याकडे माझदा कंपनीची मियाटा आहे. १९८९ पासून निघणारी ही दोन सीटांची हलकी गाडी या खेळात फार चालते. भाच्याने घाईने कडक स्प्रिंगा घेतल्या. 'स्ट्रीट' या साध्या वर्गात मूळच्या स्प्रिंगा बदलता येत नाहीत. गाडी वरच्या वर्गात गेली, गाठ जास्त तयारीच्या गाड्यांशी पडली आणि वेळही सुधारली नाही. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने जुन्या स्प्रिंगा परत बसवायला लावल्या आणि नाप हाती घेतला.

त्याचा क्रम कारागिरांनी ध्यानात घ्यावा. आधी बुश आणि बॉल जॉइंट तपासले. ढिल्या सांध्यावर घेतलेला नाप टिकत नाही. टायरची हवा सारखी केली. चालवणाऱ्याला सीटवर बसवले, कारण त्याचे वजनही गाडीचेच वजन आहे. मग कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल. वळणावर गाडी बाहेर झुकते आणि बाहेरचे चाक कडेवर जाते. म्हणून चाकाचे डोके आधीच एक-दीड अंश आत झुकवून ठेवतात. मियाटात खालच्या आर्मचे बोल्ट फिरवून हे जमते.

टो, म्हणजे वरून पाहता चाके आत वळलेली की बाहेर, हे त्यानंतर. कॅम्बर हलला की टोही हलतो, म्हणून क्रम उलटा केला तर मेहनत वाया जाते. टो नापायला त्याने गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर सूत ताणले आणि रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासूनचे अंतर मोजले. पुढची चाके जवळपास सरळ ठेवली, मागची दोन-तीन मिलिमीटर आत. मागची चाके बाहेर वळलेली असली तर गाडीचे शेपूट एकाएकी फिरते.

प्रत्येक फेरीनंतर तो टायरच्या कडेवर लावलेला खडू किती घासला ते पाही आणि वहीत लिही. एका वेळी एकच बदल. दोन केले तर गुण कोणाचा ते कळत नाही. नव्या सामानाचा खर्च नसताना भाच्याची वेळ सुधारली.

आम्ही कपड्याच्या धंद्यातले माणसे. बीमचा ताण एका बाजूला ढिला असला तर लूम कितीही नवा असो, कापड वाकडेच निघते. चांगला जॉबर आधी ताण पाहतो, मग पार्ट मागतो. मोटारीचे गणित याहून निराळे नाही.

आपल्याकडील बहुतेक छोट्या गाड्यांत कॅम्बर फिरवण्याची सोय नसते. पुढचा टो तेवढा टाय रॉडने बसतो. शर्यतीचा नाप रोजच्या गाडीला लावूही नये, टायर एका बाजूने खाल्ले जातात. घ्यायची ती रीत. आपल्या समाजातील पुष्कळ तरुण गॅरेजच्या कामात आहेत. त्यांनी सांधे तपासल्याशिवाय अलाइनमेंटचे पैसे घेऊ नयेत, कामाआधीचा आणि नंतरचा नाप लिहून गिऱ्हाईकाच्या हाती द्यावा, आणि गरज नसलेला पार्ट विकू नये. नाप-तोल पुरा द्यावा ही दीनची ताकीद केवळ तराजूपुरती नाही, पान्यालाही लागू आहे. अशा दुकानाला पाटीची गरज पडत नाही. गिऱ्हाईकच गिऱ्हाईक आणते.