स्टेपफादर २

स्टेपफादर २ हा १९८९ साली प्रदर्शित झालेला इंग्रजी भाषेतील अमेरिकन भयपट आहे. जेफ बर यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९८७ मधील 'द स्टेपफादर' या चित्रपटाचा उत्तरभाग असून त्याची पटकथा जॉन आउअरबाख यांची आहे. टेरी ओक्विन यांनी पहिल्या चित्रपटातील खुनी सावत्र पित्याची भूमिका येथे पुन्हा साकारली आहे. मेग फॉस्टर, कॅरोलाइन विल्यम्स व जोनाथन ब्रँडिस यांच्या अन्य प्रमुख भूमिका आहेत. अमेरिकेत हा चित्रपट ३ नोव्हेंबर १९८९ रोजी प्रदर्शित झाला. काही आवृत्त्यांवर त्याला 'मेक रूम फॉर डॅडी' असे उपशीर्षकही जोडलेले आढळते.

एकामागून एक होणारे खून, धारदार शस्त्रे आणि शेवटी वाचलेल्या व्यक्तीने खुन्याशी दिलेली झुंज असा ठरावीक साचा असलेल्या भयपटांना 'स्लॅशर' म्हणतात. हा चित्रपट सामान्यतः त्याच वर्गात गणला जातो. मात्र या प्रकारातील बहुतेक खुनी मुखवटा घालून वावरतात. येथील खुन्याचा मुखवटा म्हणजे सदरा, स्वेटर आणि नीट भांग पाडलेला, हसतमुख, सभ्य गृहस्थाचा चेहरा होय.

पूर्वपीठिका

पहिल्या चित्रपटाची कल्पना लेखक ब्रायन गारफील्ड यांना जॉन लिस्ट याच्या प्रकरणावरून सुचली. लिस्ट हा न्यू जर्सी राज्यातील वेस्टफील्ड येथे राहणारा हिशेबनीस व चर्चमध्ये नियमाने जाणारा गृहस्थ होता. नोकरी सुटल्यानंतरही तो रोज ठरल्या वेळी घरातून निघे आणि रेल्वे स्थानकावर दिवस काढून परतत असे. ९ नोव्हेंबर १९७१ रोजी त्याने आई, पत्नी व तीन मुले अशा पाच जणांची हत्या केली, घरातील छायाचित्रांतून स्वतःचा चेहरा कापून काढला आणि तो बेपत्ता झाला. मृतदेह सापडले ते सुमारे महिनाभराने. तोपर्यंत तो दूर निघून गेला होता. पुढे कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर येथे व नंतर व्हर्जिनियात तो रॉबर्ट क्लार्क या नावाने राहिला, पुन्हा हिशेबनिसाचेच काम करू लागला आणि त्याने दुसरे लग्नही केले.

या घटनेतून चित्रपटाने घेतले ते बीज एवढेच: कुटुंब संपवून नाव बदलणारा आणि दुसऱ्या घरात शांतपणे जेवायला बसणारा माणूस. बाकीचे सारे कल्पित आहे. लिस्ट मुलांचा सख्खा बाप होता आणि त्याने दुसऱ्या पत्नीला इजा केली नाही. चित्रपटातील माणूस मात्र मुले असलेल्या एकट्या स्त्रिया शोधतो, त्यांच्याशी विवाह करतो आणि आपल्या मनातील आदर्श कुटुंबाला तडा गेला की सर्वांना ठार करून पुढच्या गावी जातो. या कल्पनेवर डोनाल्ड वेस्टलेक यांनी पटकथा लिहिली व जोसेफ रुबेन यांनी ती चित्रित केली. आरंभीच्या दृश्यात दाढी वाढवलेला एक माणूस स्नानगृहात रक्ताचे हात धुतो, दाढी उतरवतो, कपडे बदलतो आणि मृतदेहांजवळून शीळ घालत बाहेर पडतो. वर्षभराने तोच जेरी ब्लेक या नावाने दुसऱ्या घरात सावत्र पिता झालेला दिसतो. ओक्विन यांना या भूमिकेसाठी इंडिपेंडंट स्पिरिट व सॅटर्न या दोन्ही पुरस्कारांची नामांकने मिळाली.

लिस्ट मात्र अजून मोकळाच होता. दुसऱ्या भागाच्या प्रदर्शनाच्या वर्षीच, २१ मे १९८९ रोजी, 'अमेरिकाज मोस्ट वाँटेड' या दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्याचे प्रकरण दाखवण्यात आले. शिल्पकार फ्रँक बेंडर यांनी अठरा वर्षांनंतरचा त्याचा चेहरा कसा असेल याचा अंदाज बांधून अर्धपुतळा घडवला होता. त्यावर जाड काड्यांचा चष्माही बसवला होता. एका जुन्या शेजाऱ्याने त्याला ओळखले आणि १ जून रोजी त्याला अटक झाली. चित्रपटगृहात खोट्या नावाच्या बापाची दुसरी कथा लागली, तेव्हा खरा आरोपी तुरुंगात होता. १९९० साली त्याला पाच जन्मठेपांची शिक्षा झाली व २००८ साली कैदेतच त्याचा मृत्यू झाला.

कथानक

पहिल्या भागाच्या शेवटी मेला असे वाटणारा सावत्र पिता जखमांतून वाचतो आणि वॉशिंग्टन राज्यातील एका मनोरुग्णालयात बंदिस्त होतो. तेथे तो लाकडाचे एक छोटे घर तयार करत असतो. तेच घर, त्याच्यातील बाहुल्या आणि आपली गोड वागणूक यांच्या बळावर तो उपचार करणाऱ्या डॉक्टर डॅन्व्हर्सचा विश्वास मिळवतो. एका बाहुलीत लपवलेल्या पात्याने तो डॉक्टरला व नंतर रक्षकाला ठार करतो आणि रक्षकाचा गणवेश चढवून पळून जातो. वाटेत आणखी एकाला मारून तो त्याचे पैसे व मोटार मिळवतो. दूरचित्रवाणीवरील घरांविषयीच्या एका कार्यक्रमात त्याला लॉस एंजेलिसजवळील पाम मेडोज या टापटीप वसाहतीचे दर्शन होते. डॉ. जीन क्लिफर्ड या मृत मानसोपचारतज्ज्ञाचे नाव घेऊन तो तेथे पोहोचतो.

त्याला घर दाखवणारी कॅरल ग्रेलँड ही त्याच्या समोरच्याच घरात आपल्या १३ वर्षांच्या टॉडसह राहते. तिचा दंतवैद्य नवरा फिल वर्षभरापूर्वी तिला सोडून गेलेला आहे. क्लिफर्ड वसाहतीतील स्त्रियांसाठी समुपदेशनाची बैठक सुरू करतो, टॉडशी मैत्री जमवतो आणि थोड्याच काळात कॅरलला लग्नाची मागणी घालतो. फिल समेटासाठी परत येतो, तेव्हा क्लिफर्ड त्याला एकांतात गाठून ठार करतो. कॅरलची समजूत अशी होते की नवरा दुसऱ्यांदा निघून गेला.

वसाहतीत टपाल वाटणारी मॅटी क्रिमिन्स ही कॅरलची जिवलग मैत्रीण. तिला या माणसाचा संशय येतो आणि ती क्लिफर्डच्या नावे आलेले टपाल उघडते. खऱ्या क्लिफर्डचे छायाचित्र तिच्या हाती लागते. तो कृष्णवर्णीय होता. आपण होऊन कॅरलला खरे सांगण्याची संधी ती त्याला देते. ही मुदत तिच्या जिवावर बेतते. तो तिचा गळा आवळून खून करतो आणि तिने गळफास घेतला असे भासवतो. परतताना तो सवयीने शीळ घालतो व तिच्या घरातील वाइनची बाटली बरोबर नेतो. ती शीळ मॅटीच्या अंध शेजाऱ्याच्या कानी पडते.

विवाहाच्या दिवशी हा शेजारी त्या सुरावटीची गोष्ट कॅरलला सांगतो. टॉडच्या ओठीही तीच सुरावट असते, कारण त्याला ती होणाऱ्या वडिलांनीच शिकवलेली असते. बाटलीचीही ओळख पटते. चर्चमध्ये, वधूवेषातील कॅरल व तिचा वर यांच्यात झुंज होते. कोंडून घातलेला टॉड सुटतो आणि हातोड्याने त्याच्यावर वार करतो. रक्तबंबाळ अवस्थेत तो माणूस वेदीपर्यंत येतो व मृत्यूने दोघांना वेगळे करेपर्यंत साथ देण्याच्या विवाहशपथेचे शब्द पुटपुटत कोसळतो.

आशय

पहिल्या चित्रपटात प्रेक्षकाला खुनी कोण हे ठाऊक असले तरी त्याच्या मनात काय चालते याचे कुतूहल शिल्लक होते. उत्तरभागात तेही उरत नाही. म्हणून येथील ताण 'हा कोण?' या प्रश्नावर उभा नसून 'कॅरलला केव्हा कळेल?' या प्रश्नावर उभा आहे. विशेष म्हणजे पोलिसांचा तपास तिला सत्यापर्यंत नेत नाही. एक पाकीट, एक शीळ आणि एक बाटली या घरगुती गोष्टी नेतात. मोठा बनाव निर्दोष रचणारा माणूस लहान सवयींत सापडतो, हा या कथानकातील सर्वांत पटणारा भाग आहे. ही सुरावट स्टीफन फॉस्टर यांच्या १८५० मधील 'कॅम्पटाउन रेसेस' या गीताची असून ती पहिल्या भागापासून त्याच्याशी जोडलेली आहे.

नायकाची व्यवसायनिवडही लक्षणीय आहे. पहिल्या भागात तो घरे विकत असे. येथे घरे विकणारी नायिका आहे आणि तो गिऱ्हाईक म्हणून येतो. स्वतः मात्र आता मानसोपचारतज्ज्ञ बनतो, म्हणजे ज्याचा खून करून सुटला त्याच्याच पेशात शिरतो. विस्कटलेल्या संसारांची गाऱ्हाणी ऐकून सल्ला देणे हे काम त्याला जमते, कारण कुटुंब कसे असावे याविषयी त्याची मते पक्की आहेत. स्त्रियांना ती मते आश्वासक वाटतात. चित्रपटातील उपहास येथे सर्वांत तीक्ष्ण होतो: त्याच्या तोंडचा उपदेश आणि एखाद्या भल्या माणसाचा उपदेश यांत शब्दांचा फरक नाही. फरक आहे तो एवढाच की या उपदेशात माणसांना चुकण्याची मुभा नाही.

या आदर्शाचा उगम अमेरिकन दूरचित्रवाणीवरील १९५० च्या दशकातील कौटुंबिक मालिकांत आहे. उपशीर्षकातील शब्द तशाच एका लोकप्रिय विनोदी मालिकेचे मूळ नाव आहे. १९५३ साली सुरू झालेल्या त्या मालिकेतील नायक पहिली पत्नी वारल्यावर मुलगी असलेल्या स्त्रीशी विवाह करतो, म्हणजे तोही सावत्र पिताच होता आणि प्रेमळ होता. चित्रपटाच्या काळापर्यंत समाज पुष्कळ बदलला होता. कॅलिफोर्नियाने दोषारोपाशिवाय घटस्फोट देणारा कायदा १९६९ साली संमत केला, इतर राज्यांनी तशीच पावले उचलली आणि आईच्या नव्या पतीसह राहणारी मुले ही नेहमीची गोष्ट झाली. नव्या माणसावर विश्वास टाकायचा तो कशाच्या आधारावर, हा प्रश्न अनेक घरांत खराखुरा होता. तथापि या मालिकेला केवळ सावत्र पित्यांविषयीचा पूर्वग्रह म्हणणे अपुरे ठरेल. तिच्यात दोषी ठरतो तो बापाचा रक्ताचा नसलेपणा नव्हे, तर कुटुंबाचा निर्दोष नमुना हट्टाने मागणारी वृत्ती. शिवाय मराठीत 'सावत्र' या शब्दाचे नाते सवतीशी असल्याने आपल्याकडील कथांत छळ करते ती बहुधा सावत्र आई. सावत्र बापाची अशी कथा मराठी वाचकाला त्यामुळे थोडी अनोळखी वाटू शकते.

मृताचे नाव धारण करण्याची युक्ती त्या काळी अशक्यप्राय नव्हती. अमेरिकेत जन्म व मृत्यू यांच्या नोंदी राज्ये आपापल्या ठेवत आणि दोन ठिकाणची कागदपत्रे ताडून पाहणे जिकिरीचे होते. वसाहतीत नव्याने आलेल्या डॉक्टरला प्रमाणपत्र कोणी मागत नाही, हा तपशील म्हणूनच विश्वसनीय वाटतो. मॅटीने दुसऱ्याचे टपाल फोडणे हा मात्र गुन्हाच आहे. सत्य शोधणाऱ्या एकमेव व्यक्तीला नियम मोडावा लागतो, याकडे सहसा लक्ष वेधले जात नाही.

निर्मिती

जेफ बर यांनी यापूर्वी ज्येष्ठ अभिनेते व्हिन्सेंट प्राइस यांना घेऊन 'फ्रॉम अ व्हिस्पर टू अ स्क्रीम' हा भयपट केला होता. स्टेपफादर २ ची निर्मिती आयटीसी संस्थेची असून छायाचित्रण यासेक लास्कुस यांचे व संकलन पास्क्वाले बुबा यांचे आहे. चित्रपट मुळात थेट व्हिडिओवर आणण्याचा बेत होता. पुढे मिरामॅक्सकडे वितरण आले व तो चित्रपटगृहांत लागला. त्या वेळी मिरामॅक्सचे चालक असलेल्या वाइनस्टीन बंधूंना तयार झालेल्या प्रतीत रक्तपात कमी वाटला. अधिक रक्त दाखवणारी दृश्ये घेण्यास बर यांनी नकार दिला, तेव्हा ती डग कॅम्पबेल यांच्याकडून चित्रित करून घेण्यात आली.

या मागणीमागे बाजाराचा हिशेब होता. 'हॅलोवीन', 'फ्रायडे द थर्टीन्थ' आणि 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट' या तिन्ही गाजलेल्या मालिकांचे नवे भाग त्याच वर्षी प्रदर्शित झाले होते. परिणामी चित्रपट दोन स्वभावांचा झाला आहे. ओक्विन यांच्या चेहऱ्यावरील हसू एका क्षणात विझते आणि परत येते, ती दृश्ये अंगावर काटा आणतात. वाढवलेले रक्त त्या मानाने ओळखीचे वाटते.

कलाकारांपैकी कॅरोलाइन विल्यम्स 'द टेक्सास चेनसॉ मॅसॅकर २' (१९८६) मुळे, तर मेग फॉस्टर 'दे लिव्ह' (१९८८) मुळे भयपटांच्या चाहत्यांना परिचित होत्या. टॉडच्या भूमिकेतील जोनाथन ब्रँडिस पुढे 'सीक्वेस्ट' या मालिकेमुळे किशोरवयीनांत लोकप्रिय झाले. २००३ साली त्यांचे अकाली निधन झाले. ओक्विन यांना व्यापक कीर्ती मिळाली ती 'लॉस्ट' या मालिकेतील जॉन लॉक या भूमिकेने. तिच्यासाठी २००७ साली त्यांना एमी पुरस्कार मिळाला.

प्रतिसाद आणि पुढील चित्रपट

चित्रपटाने अमेरिकेत सुमारे १५ लाख डॉलर मिळवले. पहिल्या भागाची कमाई सुमारे २५ लाख डॉलर होती. कथानकात पहिल्याच भागाची पुनरावृत्ती आहे, ही टीका वारंवार झाली आणि ती रास्त आहे. ओक्विन यांच्या अभिनयाची प्रशंसा मात्र टीकाकारांनीही केली.

तिसरा भाग १९९२ साली थेट दूरचित्रवाणीसाठी तयार झाला व त्याचे दिग्दर्शन गाय मगार यांनी केले. ओक्विन यांच्या जागी रॉबर्ट वाइटमन आले. हा बदल समजावण्यासाठी खुन्याने शस्त्रक्रियेने चेहरा बदलून घेतल्याचे दाखवण्यात आले. नावे बदलणाऱ्या माणसाच्या कथेत ही सोय तर्काला धरून असली, तरी ओक्विन यांचा चेहरा हेच मालिकेचे बलस्थान असल्याने ती महागात पडली. २००९ साली नेल्सन मॅककॉर्मिक यांनी पहिल्या चित्रपटाची नवी आवृत्ती काढली. तिच्यात सावत्र पित्याची भूमिका डिलन वॉल्श यांनी केली आहे आणि त्याचा संशय घेणारे पात्र, मूळची मुलगी न राहता, मुलगा आहे.