पिल्लू 'निगेटिव्ह' आलं म्हणजे नेमकं काय?

परभणीत लॅब्राडॉर घ्या नाहीतर लातूरकडचं कारवानी, विकणारा आधी लसीकरणाचं कार्ड पुढे करतो. सोबत 'पार्व्हो निगेटिव्ह' असा रिपोर्ट असला की आपण निर्धास्त. आता हा रिपोर्ट संशोधकाच्या नजरेनं वाचून बघा.

पार्व्होची लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण 3 ते 7 दिवस जातात. पहिल्या एक-दोन दिवसांत विष्ठेत विषाणू पुरेसा उतरलेलाच नसतो, त्यामुळे रॅपिड किटवर एकच रेघ उमटते. किट कितीही चांगलं असो, नमुना लवकर घेतला की हेच होणार. म्हणून तुमच्या नोंदवहीत निकालाशेजारी पिल्लाचं वय आणि नमुन्याची तारीख हे रकाने हवेतच.

लशीची गोष्ट आणखी गमतीची. आईच्या चिकातून आलेली प्रतिपिंडं पिल्लाला सांभाळतात, पण लशीलाही निकामी करतात. ती ओसरताना मध्येच असा काळ येतो, की खऱ्या विषाणूला अडवायला ती कमी पडतात, लशीला अडवायला मात्र पुरतात. एकाच वेताच्या पिल्लांतही हा काळ मागेपुढे होतो. म्हणूनच 6 ते 8 आठवड्यांपासून सुरू केलेले डोस 16 आठवड्यांपर्यंत पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. कार्डावरचा एकच शिक्का फारसं काही सांगत नाही.

2017 च्या केंद्रीय नियमांनुसार 8 आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही, तेव्हा आधी वय विचारा. मग आई आणि भावंडं बघा. एखाद्याला उलट्या-जुलाब असतील तर सरळ परत फिरा. घेतलंच, तर पशुवैद्यकाला दाखवा आणि दोन आठवडे घरातल्या इतर कुत्र्यांपासून लांब ठेवा.