दुचाकीस्वाराचेही सामान रेल्वेने वाहावे

गणेशोत्सवाच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत माणगावच्या बसस्थानकासमोर घटकाभर उभे राहिले, की मुंबई-गोवा महामार्गाची अवस्था निराळी सांगावी लागत नाही. गावाबाहेरून जाणारा वळणरस्ता २०२५ च्या उत्सवातही पुरा झालेला नव्हता. त्यामुळे कोकणात निघालेली सारी वाहने गावाच्या पेठेतूनच वाट काढतात. मोटारी आणि एस. टी. गाड्या खोळंबतात. त्यांच्या फटींतून पुढे सरकतात त्या मोटारसायकली. पुढे टाकीवर लहान मूल, मागे पत्नी, तिच्या मांडीवर पिशवी, आणि अंगावर पावसाची सर. हा साहसाचा हौशी प्रवास नव्हे. आरक्षण मिळालेले नाही आणि गावी पोचल्यावर वाडीपर्यंत जायला वाहन नाही, म्हणून पत्करलेला हा धोका आहे.

वस्तुतः माणगावला रेल्वे येऊन तीन तपे होत आली. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा १९९३ च्या मार्चमध्ये सुरू झाला, तो याच गावावरून. संपूर्ण मार्ग १९९८ मध्ये खुला झाला आणि पुढच्याच वर्षी माणगावच्या अलीकडील कोलाडहून गोव्यातील वेर्ण्यापर्यंत भरलेल्या मालमोटारी सपाट वाघिणींवर चढवून नेण्याची ‘रो-रो’ सेवा सुरू झाली. २०२५ च्या गणेशोत्सवात हीच सोय खाजगी मोटारींसाठी करण्यात आली. एका खेपेत चाळीस मोटारी, दर मोटारीस ७,८७५ रुपये आणि प्रवाशांचे तिकीट निराळे, असा तो हिशेब होता. मालमोटारवाल्याची सोय झाली, मोटारवाल्याची झाली. दुचाकीवाला तेवढा रस्त्यावरच राहिला.

यावर कोणी म्हणेल, की मोटारसायकल रेल्वेने नेता येतेच. ते खरे आहे. मालक त्याच गाडीने जात असेल तर ती सामान म्हणून नोंदवता येते, एरवी पार्सल म्हणून. परंतु ही वाट सामान्य माणसाला कशी लागते ते पाहावे. नोंदणीपुस्तकाची व ओळखपत्राची प्रत द्यायची. टाकीतले पेट्रोल थेंबन्‌थेंब काढायचे. ज्वालाग्राही पदार्थ बेकायदा नेल्यास १९८९ च्या रेल्वे अधिनियमात तुरुंगवासाचीही शिक्षा आहे, तेव्हा ही अट रास्तच म्हटली पाहिजे. आरसे, दिवे, हँडल गोणपाटात स्वखर्चाने बांधून घ्यायचे. गाडीची किंमत जाहीर करून त्यावरील जादा आकार भरला नाही, तर नुकसानभरपाई किमतीवर नव्हे, वजनाच्या मर्यादित दराने मिळते, हे बहुतेकांना गाडी मोडल्यावरच कळते. मुक्कामी पोचल्यावर रिकाम्या टाकीची गाडी पंपापर्यंत ढकलत न्यावी लागते ती वेगळीच.

माझ्या एका विद्यार्थ्याने दूरच्या शहरी नोकरी लागल्यावर हा सारा उद्योग केला. जवळच्या स्थानकावर नोंदणी होत नाही असे कळल्यावर त्याला एका मोठ्या स्थानकापर्यंत जावे लागले. तो स्वतः दुसऱ्या दिवशी पोचला. गाडी आठवड्याने आली. यात कर्मचाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. जेथे गाडी दोन मिनिटे थांबते तेथे दीडशे किलोंचे वाहन चढवणार कोण आणि केव्हा? गार्डाच्या डब्यातली मालाची जागा मुळातच थोडी. प्रश्न माणसांचा नसून रचनेचा आहे.

उपाय रो-रो वाघिणींत शोधावा, असे प्रथमदर्शनी वाटते. एका मोटारीच्या जागी चार मोटारसायकली बसतील असे धरले, तरी वाट्याला सुमारे दोन हजार रुपये येतात. तेवढे अंतर दुचाकीने कापण्यास पेट्रोल लागते ते हजाराच्या आसपास. कारकुनाला हा व्यवहार परवडणार नाही. शिवाय मुंबईकराने निम्मा खराब रस्ता तुडवून कोलाडला यायचे आणि रत्नागिरीचे घर मागे टाकून वेर्ण्याला उतरायचे, हे कोणत्याच हिशेबात बसत नाही.

त्यापेक्षा साधा मार्ग आहे. गणपतीसाठी ज्या जादा गाड्या सुटतात त्यांतील काही रत्नागिरी वा सावंतवाडी येथे संपतात. अशा गाडीला एक बंदिस्त पार्सल डबा जोडावा. आत चाके अडकवण्याच्या खाचा आणि कायमचे पट्टे असावेत, म्हणजे गोणपाटाचे प्रयोजन उरणार नाही. गाडी जेथून निघते व जेथे संपते तेथे वेळेची घाई नसते. उताराची एक फळी पुरे. भाडे ठरावीक असावे, ते तिकिटाबरोबरच घ्यावे, आणि मालकाने त्याच गाडीने जावे. ऑस्ट्रियात रात्रीच्या काही गाड्यांना मोटारी व मोटारसायकली वाहणारे डबे जोडले जातात. तेव्हा ही कल्पना काही आकाशातून पडलेली नाही.

गाडी जाणारच असेल, तर एक डबा जोडण्याचा वाढीव खर्च पूर्ण गाडीच्या खर्चाच्या मानाने थोडा असतो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षातले विद्यार्थीही सांगतील. दुसऱ्या बाजूला, पावसाळी रात्री महामार्गावर जो अपघात होतो त्याचा खर्च कोणत्याच खात्याच्या जमाखर्चात दिसत नाही. तो रुग्णालयाच्या बिलात, बुडालेल्या पगारात आणि कधी कधी एका घराच्या कायमच्या उणिवेत भरला जातो. खात्याच्या वहीत न दिसणारा खर्च समाजाच्या वहीत मात्र चुकत नाही.

रस्ता पुरा झाला की हा प्रश्न सुटेल, असे आपण गेली अनेक वर्षे ऐकत आहोत. रस्ता व्हावाच. पण तो होईपर्यंत, टाकीवर बसलेल्या त्या मुलासाठी एका उत्सवात, एका गाडीला, एक डबा जोडून पाहण्यास काय हरकत आहे?