पाळीचे गणित आणि मातृत्व

लग्नाला दोन-तीन वर्षे उलटली आणि सुनेची कूस उजवली नाही, की आमच्या पेडणे महालातील घरांत कुजबूज सुरू होते. देवळात कौल लावतात, नवस बोलतात. श्रद्धेला आमचा विरोध नाही. परंतु सुनेची पाळी नियमित येते काय, हा साधा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. बेळगाव, बडोदे, इंदूर येथील मराठी घरांतही चित्र फारसे निराळे नसावे.

पाळी म्हणजे शरीरातील अंतःस्रावांचे, अर्थात हॉर्मोन्सचे, मासिक प्रगतिपुस्तक होय. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या आज्ञेने बीजकोशात स्त्रीबीज पक्व होते आणि पुढील पाळीच्या सुमारे चौदा दिवस अगोदर बाहेर पडते. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन हे हॉर्मोन गर्भाशयाचे अस्तर गर्भ रुजण्यायोग्य करते. गर्भ राहिल्यास पुढे वार तयार होऊन ते काम अंगावर घेईपर्यंत बीजकोशच हा स्राव पुरवितो.

या साखळीतील एखादा दुवा निखळला, की गणित चुकते. थायरॉइडचा स्राव कमी पडला किंवा प्रोलॅक्टिन वाढले, तर स्त्रीबीज वेळेवर सुटत नाही. याहून अधिक आढळणारा विकार पीसीओएस. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या डॉक्टरांनी 1935 साली त्याचे वर्णन केले. लांबणारी पाळी, चेहऱ्यावरील राठ केस आणि पुष्कळदा वाढते वजन ही त्याची लक्षणे. गर्भ राहिल्यावरही सावधगिरी हवीच. थायरॉइडकडे दुर्लक्ष केल्यास गर्भपाताचा, तर पीसीओएसमध्ये गरोदरपणातील मधुमेहाचा धोका वाढतो.

सुदैवाने यांवर उपाय आहेत. अनेकींना वजन थोडे उतरविणे व डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या एवढ्यानेच गुण येतो. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी 6 ऑगस्ट 1986 रोजी टेस्ट ट्यूब बालिका जन्मली. त्या काळी अपूर्वाईचा असलेला हा उपचार 2023 पासून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात विनामूल्य मिळू लागला.

तेव्हा वाचक भगिनींनी पाळीची तारीख दरमहा दिनदर्शिकेवर टिपावी. दोन पाळ्यांतील अंतर वारंवार एकवीस दिवसांहून कमी वा पस्तिसांहून अधिक होत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. पाळी नियमित असूनही वर्षभरात, आणि पस्तिशीनंतर सहा महिन्यांत, गर्भ न राहिल्यास पतिपत्नी दोघांनी तपासून घ्यावे. कारण दोष पुरुषातही असू शकतो. वडीलधाऱ्यांनी सुनेला बोल लावण्याऐवजी तिच्यासोबत दवाखान्याची पायरी चढावी, एवढीच आमची विनंती.